अंगकोरचे बांध आणि आमची खांड



एरवी या पानावर मी रोप, करपा, खेकडे आणि उधाण याच्यापलीकडे जात नाही. आजची नोंद जरा लांबची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मी आणि आमच्या सौ. कंबोडिया देशात जाऊन आलो. गाईडबरोबर चार दिवस हिंडून अंगकोरची जुनी देवळं बघितली. आल्यावर लिहीन म्हटलं होतं, ते आज मे महिन्यात लिहितोय. उशीर का झाला ते शेवटी कळेल.

आधी आमची जागा सांगतो, कारण पानावर नवीन मंडळी बरीच आलीत. गाव उरण तालुक्यातलं, नवी मुंबईच्या हद्दीला चिकटून. घराच्या गच्चीवर उभं राहिलं की एका बाजूला उलव्याचे टॉवर दिसतात, दुसऱ्या बाजूला खाडी. नवी मुंबईत भात पिकवतो म्हटलं की लोक हसतात. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी ठरल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार होऊन ५ जण हुतात्मा झाले, तेव्हा मी सातवीत होतो. दि. बा. पाटील साहेबांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंड मिळू लागले. आमची वरची जमीन त्यात गेली. उरली ती खारातली, सव्वादोन एकर.

घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. खार म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. खाडीकडच्या मोठ्या बांधाला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. त्यात उघाडी असते, म्हणजे दार. ओहोटीला पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं, भरतीला दार बंद होतं. बांध आहे तोवर भात आहे. बांध फुटला की त्याला खांड गेली म्हणतात, आणि मग दोन-तीन वर्षं मीठच खा.

ऑगस्ट २०२४ मध्ये नारळी पौर्णिमेच्या उधाणाला आमची खांड गेली. कारण मोठं नव्हतं. खेकड्याची बिळं होती, उन्हाळ्यात कोणी बुजवली नाहीत. पूर्वी गावकीचा नियम होता, ज्याची खारात जमीन त्याच्या घरचा एक माणूस बांधावर आलाच पाहिजे. नाही आला तर दंड. खारात आमच्या गावची ३८ घरं. गेल्या उन्हाळ्यात बांधावर किती आली? कोणीच नाही. मी पण नाही. पुतण्याच्या लग्नाची गडबड होती, म्हटलं दुसरा कोणी बघेल. सगळ्यांनी तसंच म्हटलं. सव्वादोन एकर पोटरीतलं भात आठ दिवसांत पिवळं पडून बसलं. ओहोटीला आत जाऊन पाहिलं तर बांधात चौदा फुटांचं भगदाड.

मुलगा खारघरला नोकरीला असतो. तो म्हणाला, "बाबा, आता पुरे. तसंही उरण, पनवेल, पेणची १२४ गावं नवीन शहराच्या नकाशात आलीत. कोणासाठी बांध बांधायचा?" ऑक्टोबरात तशी अधिसूचना आली होती, त्यामुळे त्याचं खोटं नव्हतं. मीही मनात ठरवलं होतं की आता शेती सोडायची. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलानं आणि मुलीनं मिळून आम्हा दोघांची सहल भरली. मला वाटतं माझं मन शेतातून काढायला भरली. पण पाठवलं नेमकं भाताच्याच देशात.

पहिला दिवस

मुंबईहून बँकॉक, तिथून सिएम रीप. ग्रुप २२ जणांचा, बहुतेक वाशी-नेरुळचे निवृत्त लोक. शेतकरी मी एकटा. सिएम रीपचा विमानतळ नवा आहे, २०२३ ला सुरू झालाय, गावापासून बराच लांब. विमानतळ ते गाव सगळा रस्ता दोन्ही बाजूंना भातशेती. काही ठिकाणी कापणी चालू, हार्वेस्टर लावून. मी खिडकीला नाक लावून बसलो. सौ. म्हणाल्या, "अहो, भात बघायला इतक्या लांब आलो का आपण?"

देवळं बघायला फोटोचा पास काढावा लागतो. तीन दिवसांचा पास ६२ डॉलर. घरी आल्यावर तो फोटोवाला पास मी खताच्या पावत्यांच्या डब्यात ठेवलाय.

दुसरा दिवस, अंगकोर वाट

पहाटे पाचला अंधारात नेलं, सूर्योदय बघायला. अंगकोर वाट हे बाराव्या शतकात राजा सूर्यवर्मन दुसरा याने बांधलं, विष्णूचं. आपली देवळं बहुतेक पूर्वेकडे तोंड करून, हे पश्चिमेकडे. म्हणून सूर्य देवळाच्या पाठीमागून वर येतो. मधलं शिखर ६५ मीटर. हजारो माणसं मोबाईल वर धरून उभी होती. मीपण फोटो काढले.

पण माझं लक्ष गेलं खंदकाकडे. देवळाच्या चारी बाजूंनी पाण्याचा खंदक, रुंदी १९० मीटर. आमची खाडी काही ठिकाणी एवढी नाही. काठाला जांभा दगडाच्या पायऱ्या. हो, आपला कोकणातला जांभाच. वरून कोरीव काम केलेला वालुकाश्म, आणि आतून-खालून भरणीला जांभा. मी हात लावून पाहिलं, तीच भोकं, तोच रंग.

आमचा गाईड पस्तिशीचा, भातशेतकऱ्याचाच मुलगा. तो इंग्रजीत बोलायचा, टूर मॅनेजर मराठीत सांगायचा. मी विचारलं, एवढा दगड रचलाय तर पाया किती खोल? तो हसला. म्हणाला, खाली खडक नाही, वाळू आहे. खोदून, दाबून भरलेली वाळू, आणि ती वाळू ओली आहे म्हणून घट्ट आहे. खंदकात पाणी आणि जमिनीत ओल, तोवर देऊळ उभं. आता गावात हॉटेलं वाढली, बोअरवेल वाढल्या, जमिनीतलं पाणी उपसलं जातं, त्याचीच तिथल्या जाणकारांना काळजी आहे.

मी तिथंच पायरीवर बसलो. एवढं मोठं देऊळ, आणि ते उभं आहे ओलीवर! खंदक सुकला तर देऊळ धोक्यात. आमच्याकडे उलटं, खारं पाणी आत आलं की शेत धोक्यात. पण पाणी राखावं लागतं हे दोन्हीकडे सारखं.

आतल्या ओवऱ्यांत भिंतभर कोरीव काम आहे. समुद्रमंथन आहे, ४९ मीटर लांब. एकीकडे असुर, एकीकडे देव, मध्ये वासुकी, खाली कासव. कुरुक्षेत्र आहे, त्यात बाणांवर पडलेले भीष्म. लंकेचं युद्ध आहे. आमच्या सौ. दरवर्षी पारायणाला बसतात, त्या गाईडच्या आधी सांगायला लागल्या हा कोण, तो कोण. गाईडनं शेवटी बोलणं थांबवलं आणि त्यांनाच पुढं केलं. १९८६ ते १९९३ मध्ये इथल्या डागडुजीचं काम आपल्या भारताच्या पुरातत्त्व खात्यानं केलं होतं, हे ऐकून ग्रुपनं टाळ्या वाजवल्या.

आमच्या तालुक्यात घारापुरी आहे. शाळेतनं होडीनं गेलो होतो. तिथला तीन मुखांचा शिव पाहून तोंड उघडं राहिलं होतं, ते इथं परत उघडं राहिलं. फरक एवढाच की घारापुरी डोंगर कोरून केलेली, ही देवळं सपाट भातखाचरात दगड आणून रचलेली. दगड आला कुलेन डोंगरावरून, कित्येक कोस लांबून.

तिसरा दिवस, बायोन आणि ता प्रोम

अंगकोर थोम म्हणजे तटबंदीचं शहर, एकेक बाजू तीन किलोमीटर. मध्ये बायोन देऊळ, शिखरांवर मोठे मोठे हसरे चेहरे. राजा जयवर्मन सातवा, तो बौद्ध होता. मला चेहऱ्यांपेक्षा खालच्या भिंती आवडल्या. तिथं देव कमी आणि माणसं जास्त. बाजार भरलाय, मासळी विकतायत, कोंबड्यांची झुंज लागलीय, भात शिजतोय, कोणी डुक्कर कढईत सोडतोय. मासे तर इतके कोरलेत की कोळीवाड्यात आल्यासारखं वाटलं.

दुपारी ता प्रोम. हे तेच देऊळ, झाडांची मुळं भिंतींवर चढलेली, सिनेमात दाखवतात ते. मुळं इतकी जाड की माणूस आड लपेल. गाईड म्हणाला, झाड काढलं तर भिंत पडते, ठेवलं तरी पडते. इथंही दुरुस्तीला भारताचंच खातं आहे.

या देवळात एक शिलालेख सापडला, ११८६ सालचा. त्यात हिशेब लिहिलाय. देवळाच्या आवारात १२,६४० माणसं राहायची, त्यात ६१५ नर्तकी. आणि देवळाची सेवा करायला, धान्य पुरवायला ३,१४० गावं बांधलेली, माणसं ७९,३६५. आकडा मी वहीत उतरवून घेतला. ग्रुपमधले एक बँकेतले साहेब म्हणाले, "काय वैभव असेल!" मी म्हटलं, साहेब, ३,१४० गावांनी भात दिलं म्हणून वैभव. एका देवळाचं एवढं, अशी देवळं शेकडो. राजाचं नाव दगडावर आहे, पुरोहिताचं आहे. त्या गावांतल्या बांधावर कोण उभा होता त्याचं नाव नाही.

परतीच्या वाटेत गाईडनं गाडी थांबवली. ग्रुपला कळेना कशाला. म्हणाला, शेतकऱ्यासाठी थांबवली. स्पिएन थ्मा म्हणून एक जुना दगडी पूल आहे. पूल उभा, पण नदी त्याच्या खालून वाहतच नाही, बाजूनं वाहते, आणि तीही पुलाच्या पायापेक्षा कितीतरी खोल. जुन्या लोकांनी सिएम रीप नदी वळवून शहरात आणली होती, कालव्यासारखी. पुढे पुराच्या पाण्यानं तळ खरवडत नेला, पात्र खाली गेलं, आणि वरच्या कालव्यांना पाणी चढेना. पुलाच्या दगडांवर जुन्या देवळांची नक्षी आहे, म्हणजे डागडुजीला देवळाचेच दगड काढून लावलेले. राज्याची ताकद संपत आल्याची ती खूण.

मी विचारलं, हे शहर ओसाड का पडलं? त्यानं सांगितलं, कारणं पुष्कळ. १४३१ ला सयामच्या फौजा आल्या असं इतिहास सांगतो, व्यापार दक्षिणेला सरकला. पण व्हिएतनामच्या डोंगरातल्या जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून शास्त्रज्ञांनी शोधलंय की चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं दुष्काळ पडला, आणि मधेच एखादा पावसाळा असा की सगळं वाहून नेईल. दुष्काळात कालवे गाळानं भरले, कमी पाण्यासाठी बदलले, आणि मग पूर आला तो फोडून गेला.

हे ऐकताना मला आपला गेल्या काही वर्षांचा पाऊस आठवला. जूनमध्ये टिपूस नाही आणि जुलैत एका रात्रीत महिन्याचा पाऊस. बांध दुष्काळात कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याची आठवण पुरातच येते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

चौथा दिवस, डोंगर आणि कोरडं तळं

सकाळी बांतेय स्रेईला निघालो. वाटेत प्रादाक म्हणून गाव लागतं. रस्त्याकडेला बायका मोठ्या कढयांत रस आटवत होत्या. जवळ जाऊन पाहतो तर ताडाचा गूळ! आपलाच ताड. आमच्याकडे ताडगोळे आणि ताडी, तिकडे गूळ करून पानाच्या पुड्यांत बांधतात. सौं.नी दोन किलो घेतला.

तिथंच गाईड म्हणाला, आपण आत्ता तळ्याच्या तळावर उभे आहोत. मी चहूकडे बघतो तर भातखाचरं, घरं, गुरं. हे पूर्व बाराय. बाराय म्हणजे बांध घालून केलेला तलाव. नवव्या शतकाच्या शेवटी राजा यशोवर्मनने केला, साडेसात किलोमीटर लांब, जवळपास दोन किलोमीटर रुंद. आता पूर्ण कोरडा. मधोमध पूर्व मेबोन नावाचं देऊळ आहे. तिथं पूर्वी होडीनं जावं लागायचं, आता बस दारात जाते. देवळाचे दगडी हत्ती पाण्याकडे बघत उभे आहेत, आणि समोर पाणी नाही.

तळं गेलं, पण तळ्यात शेती आहे. राजे गेले आणि शेतकरी राहिले, असं मी म्हणालो. गाईड गप्प झाला. मग म्हणाला, राहिले खरे, पण आता नाही. अंगकोरच्या राखीव हद्दीत राहणाऱ्या कुटुंबांना २०२२ पासून सरकार बाहेर हलवतंय, सुमारे दहा हजार कुटुंबं. रुन ता एक म्हणून नवी वसाहत केली आहे, प्रत्येकाला छोटा भूखंड. सरकार म्हणतं लोक स्वखुशीनं गेले. मानवी हक्कवाले म्हणतात दबाव होता. त्याचा मामा गेलाय. भूखंड मिळाला, पण रोजगार इकडेच, पर्यटकांच्या मागे, म्हणून रोज मोटारसायकलवर येतो.

मी त्याला आमच्या साडेबारा टक्क्यांची गोष्ट सांगितली. टूर मॅनेजरला भाषांतर करताना घाम फुटला. पण त्याला समजलं. दोघांचे देश वेगळे, भाषा वेगळी, पण भूखंड म्हटल्यावर चेहरा सारखाच होतो.

बांतेय स्रेई लहान देऊळ, ९६७ सालचं, गुलाबी दगड. राजाने नाही, राजाच्या गुरूनं बांधलेलं. नक्षी सोनाराच्या कामासारखी. पुढे कबाल स्पिएन. दीड किलोमीटर जंगलातून डोंगर चढायचा. माझे गुडघे बोलायला लागले, पण वर गेलो ते बरं झालं. वर ओढा आहे, आणि ओढ्याच्या तळातल्या खडकावर शिवलिंगं कोरलीत, शेकड्यानं, ओळीत. शेषशायी विष्णूपण आहे. पाणी त्यांच्यावरून वाहत खाली जातं. साधारण हजार वर्षांपूर्वीचं काम. का केलं असेल? तर डोंगरातलं पाणी देवाला लागून पवित्र होऊन खालच्या नदीत, कालव्यात, आणि शेवटी भातात जावं म्हणून.

हे मला लगेच पटलं. आपण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतोच की. पण त्यांनी नारळ देऊन सोडून दिलं नाही. वर लिंगं कोरली आणि खाली कालवेही खोदले. आम्ही यंदा नारळ दिला आणि बांधाकडे पाहिलं नाही.

पाचवा दिवस, पश्चिम बाराय

शेवटचा दिवस मोकळा होता, बाजारहाटीला. मी गाईडला म्हटलं, मला पाणी असलेला बाराय दाखव. ग्रुपमधले सहा जण आले, बाकीचे खरेदीला गेले. सौ. माझ्याबरोबर आल्या.

पश्चिम बाराय अकराव्या शतकातला. आठ किलोमीटर लांब, दोन किलोमीटरच्या वर रुंद. समोरचा काठ धुक्यात दिसतच नव्हता. पाणी साधारण ५ कोटी घनमीटर मावतं, म्हणजे आपल्या नवी मुंबईच्या मोरबे धरणाच्या चौथ्या हिश्शाएवढं. आणि हे डोंगराच्या घळीत भिंत घालून नाही, सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे बांध घालून. सिमेंट नाही, यंत्र नाही. आजही त्याच्या पाण्यावर खालच्या अंगाला भात होतो.

सौ. बांधावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा तर आपला बाहेरकाठाच की." मी हो म्हटलं, घसा दाटला होता. पंधरा मिनिटं मी तो बांध नुसता चालत होतो. उतार बघितला, गवत बघितलं, कुठं झाडं वाढलीत, कुठं माती भरलीय ते बघितलं. काही ठिकाणी माती नवीन होती. बांध हजार वर्षं टिकला असं पुस्तकात लिहितात, पण बांध आपोआप टिकत नाही. मधे कोण ना कोण पाट्या वाहत असणार.

मी गाईडला म्हटलं, तुमचे जुने लोक मोठे होते. त्यावर तो जे बोलला ते मी विसरणार नाही. म्हणाला, "काका, आमच्याकडे बांधाचा अभिमान जरा जपून धरावा लागतो." १९७५ ते १९७९ पोल पॉटची राजवट होती. त्यांना अंगकोरसारखं पाणी परत उभं करायचं होतं, हेक्टरी तीन टन भात काढायचं होतं. शहरं रिकामी केली, सगळ्यांना शेतात नेलं, कालवे आणि बांध खोदायला लावले. पिकलेलं भात काढून नेलं आणि लोकांना पातळ पेज दिली. त्या चार वर्षांत अंदाजे १५ ते २० लाख माणसं गेली. त्याचे आजोबा एका बांधावर काम करताना गेले. बांध अजून आहे. घरचे तिकडे जात नाहीत.

मी काही बोलू शकलो नाही. परतताना त्यानं आपल्या बापाच्या शेताबद्दल सांगितलं. दीड हेक्टर, पावसावरचं एक पीक, बी फोकून पेरतात, लावणीला माणूस मिळत नाही. हे ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. शेताजवळ गावचं छोटं तळं आहे, त्याला ते त्रपांग म्हणतात. दर काही वर्षांनी गाव मिळून गाळ काढतं. कोणी राजा सांगत नाही, कोणी बंदूक धरत नाही. त्यानं सांगितलं, मोठी कालव्यांची रचना मोडली तरी अशी गावागावची तळी आणि खाचरांचे बांध राहिले, म्हणून भात राहिलं.

विमानात मी याच गोष्टीवर विचार करत होतो. बांध तीन तऱ्हेने राखला जातो. राजाच्या हुकमानं, बंदुकीच्या धाकानं, किंवा गावकीनं. पहिला राजा गेला की जातो. दुसऱ्याचं नावच नको. तिसरा आमच्याकडे होता, आणि तो कोणी मोडला नाही, आम्हीच सोडला. सरकारनं जमीन घेतली त्याचा राग मला आहे आणि राहील. पण खेकड्याचं बीळ बुजवायला मी गेलो नाही, त्यात सरकारचा काय दोष?

घरी आल्यावर

२९ डिसेंबरला आमच्या विमानतळावर पहिलं प्रवासी विमान चाचणीसाठी उतरलं. सगळं गाव गच्चीवर. मीपण होतो. विमान उतरल्यावर मी खाली बघितलं तर भरतीचं पाणी आमच्या खांडीतून आत शिरत होतं, चकाकत.

जानेवारीत गावकीची बैठक घेतली. ३८ घरांतून १९ माणसं आली. काही म्हणाले, जमीन जाणारच आहे, मग कशाला? माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हटलं, जाईल तेव्हा जाईल. पण नोंदीत पडीक म्हणून जाण्यापेक्षा भाताखालची म्हणून जाऊ दे. आणि दोन पावसाळे, पाच पावसाळे जेवढे मिळतील तेवढे पिकवू. शेवटी ११ घरं तयार झाली. बाकीच्यांपैकी काहींनी पैसे दिले. दंड लावायचा नाही असं ठरलं.

काम भांगाच्या दिवसांतच करता येतं, भरती कमी असते तेव्हा. फेब्रुवारी ते एप्रिल, दर अष्टमीच्या आसपास तीन-चार दिवस. पोकलेन चिखलात रुततो म्हणून हातानंच. खाडीची चिकणमाती कापून, हातोहात देऊन थर दिला, प्रत्येक थर तुडवला, मधे पेंढा. बाहेरून दगड. जुन्या बांधाची बिळं दोन्ही बाजूंनी खणून, चिखल ठासून बुजवली, नुसती वरून माती टाकली नाही. उघाडीची फळी बदलली. एप्रिलच्या शेवटच्या भांगाला खांड बंद झाली. मुलगा दोन रविवार आला. काही बोलला नाही, पाट्या उचलल्या. म्हणून ही नोंद मे मध्ये.

आता कृषी विद्यार्थी आणि साहेब लोकांसाठी आकडे. माती तपासून घेतली, क्षारता ९ च्या वर आली. म्हणून यंदा लावणी नाही. पहिल्या पावसाचं पाणी खाचरात कोंडायचं, दोन-तीन दिवस ठेवायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं. असं निदान चार वेळा. मग परत तपासणी. क्षार उतरले तर मोड आलेलं बी फोकायचं, रहू पद्धतीनं. बी पनवेल ३ आणलंय, खारासाठीच काढलेली जात. दहा गुंठ्यांत आईच्या वेळचा राता टाकणार, उतारा कमी पण तो मीठ सोसतो. यापेक्षा चांगला उपाय कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा, मी करून बघेन.

जूनच्या अमावस्येचं उधाण ही पहिली परीक्षा. बांध टिकला तर फोटो टाकीन. नाही टिकला तरी टाकीन.

ताडाचा गूळ संपला. शेवटचा खडा परवा बांधावर वाटला, अकराही घरांना.